खुर्चीमागची मुलगी

धाकटी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायची. तिची पन्नाशी उलटली होती आणि थोरली तर केव्हाच देवाघरी गेली होती, पण घरात हिला अजून धाकटीच म्हणत. काही नावं एकदा चिकटली की चिकटली.

तिच्या लहानपणाचा फोटो एकच. वेताच्या खुर्चीत पाच वर्षांची मुलगी, ठिपक्यांचा झगा, दात पडलेलं हसू. आणि खुर्चीमागे उभी दुसरी मुलगी, तोच झगा, पण इतकी पुसट की तिच्या अंगातून मागची भिंत दिसायची. बाबांच्या पहिल्यावहिल्या कॅमेऱ्याचा हा प्रताप. त्यात फोटो काढला की चावी फिरवून फिल्म पुढे सरकवावी लागे. विसरलं की पुढचा फोटो आधीच्याच बोकांडी बसे. बाबा एकदाच विसरले, थोरलीच्या फोटोनंतर. ती गेल्यावर कित्येक महिन्यांनी धाकटीला तोच झगा घालून तिचा त्याच खुर्चीपाशी फोटो काढला, आणि दोघी बहिणी एकाच चौकटीत येऊन बसल्या. तो फोटो धुऊन आला तेव्हा बाबांनी कॅमेरा जो ठेवून दिला, तो पुन्हा हातात घेतला नाही.

पुसट ती थोरली. हे धाकटीला कुणी सांगावं लागलं नाही. मेलेलं माणूस पुसटच असणार!

ती पुसट पोर तिला जन्मभर पुरली. लहानपणी फोटोच्या कपाटावरून जाताना धाकटी समोरच्या भिंतीला पाठ घासत जायची. आईच्या हातून ताट घेताना वाटायचं, आपल्या खांद्यावरून आणखी एक हात पुढे आलाय. दुकानातही ती भिंतीला टेकून उभी राहायची, मालकाने खुर्ची देऊ केली तरी नको म्हणायची. आई गेली तेव्हा तर रडायलासुद्धा तिला एकटं मिळालं नाही. मागे कुणीतरी होतंच.

यंदा बाबा तिच्याकडे राहायला आले आणि त्यांच्या सामानातून तो फोटो पुन्हा घरात आला. तिने मनाशी म्हटलं, आता पुरे झालं. अख्ख्या आयुष्यात आपला एक तरी फोटो आपला एकटीचा असू दे. ती तो घेऊन तडक स्टुडिओत गेली.

"मागची काढून टाकायची?" स्टुडिओवाल्याने विचारलं. "खुर्चीची पाठ घट्ट धरलीय हो तिने, ताई. बोटं काढली की पाठ नव्याने करावी लागेल."

"करा," धाकटी म्हणाली.

तो कॉम्प्युटरवर पुसत गेला आणि ती बघत बसली. आधी बोटं गेली, मग झगा गेला, चेहरा सगळ्यात शेवटी. तिला एकदम हलकं वाटलं. परत येताना ती बसमध्ये चक्क मधल्या सीटवर बसली, मागे माणसं असूनही. एकदाही वळून बघितलं नाही.

घरी आल्या आल्या तिने फ्रेम केलेला फोटो बाबांच्या मांडीवर ठेवला. "बघा बरं, कशी दिसतेय?"

बाबांनी चष्मा लावला. फ्रेम डोळ्यांजवळ नेली. मग त्यांचे डोळे भरून आले.

"थोरली," ते म्हणाले. "एकटी."

"थोरली नाही हो बाबा, खुर्चीतली मी. थोरली मागे होती ना, तिला काढलं."

"छे गं! तू कुठली बसतेस खुर्चीत! ताईच्या खुर्चीत बसणार नाही म्हणून थयथयाट केला होतास. शेवटी मागे उभी केली तुला. त्या दिवशी आभाळ आलं होतं, म्हणून तू तशी पुसट आलीस. तिच्या वेळी लख्ख ऊन होतं."

खुर्चीत बसल्याचं धाकटीला स्वच्छ आठवत होतं. वेताचे वळ मांडीवर उठल्याचंही आठवत होतं. फोटो बघून बघूनच ते आठवायला लागलं असणार. इतकी वर्षं जिच्या भीतीने ती भिंती धरून चालली, ती पोर कोण होती हे तिला आज कळलं, आणि तेही तिला पुसून झाल्यावर.

बाबा आपल्याच नादात बोलत होते. "कळ दाबली आणि थोरली खुर्चीतच कलंडली. हात लावून बघतो तर अंगाचा नुसता निखारा. चावी फिरवायचं भान कुणाला! चार दिवसांत गेली. एकच फोटो होता तिचा, तोही मी नासवला, त्याच्यावर तुला काढून. तुझी आई शेवटपर्यंत एका शब्दाने बोलली नाही, पण मी काय समजायचं ते समजलो होतो." त्यांनी तिचा हात धरला. "माझ्या मनातलं तुला कसं गं कळलं? माझ्यासाठीच केलंस ना हे?"

मी कुठे आहे मग, बाबा, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तिने ते गिळले.

"हो," ती म्हणाली. "तुमच्यासाठीच."

"तुझं काय, तू आहेसच की समोर," बाबा म्हणाले आणि पलंगासमोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "तिथे लाव. आत्ताच लाव."

धाकटी स्टुलावर चढली. खिळा ठोकला, फ्रेम अडकवली, आणि वळून विचारलं, "सरळ आहे का?"

बाबा मान इकडे तिकडे करून तिच्या आडून बघायला लागले.

"असेल," ते म्हणाले. "तू जरा बाजूला हो ना. ती दिसत नाहीये."