छत्रीवाल्या अल्बममधली टक

"ही टक जगात आजवर फक्त मी पकडलीय," असं म्हणून घड्याळजींनी टेबलावर थाप मारली. त्या हादऱ्याने रेकॉर्डवरची सुई उडाली आणि पुढच्या गाण्यात जाऊन पडली.

समोर बसलेला मेहुणा हसला. तो दातांचा डॉक्टर होता. कुठलीही गोष्ट हलवून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"भावोजी, उद्या वाचनालयात लोकांना ही खरखर ऐकवणार? घासून घासून चाळण झालीय या रेकॉर्डची. हे बघा, नवी कोरी आणलीय तुमच्यासाठी. तुमची टक कशी खणखणीत वाजेल!"

"ठेव इथं! होऊन जाऊ दे!"

शिलाई मशीनवर बसलेल्या घड्याळजींच्या बायकोचा पाय जागच्या जागी थांबला.

उलट्या छत्रीचं चित्र असलेला तो अल्बम घड्याळजींनी लग्नाआधी घेतला होता. चार केसाळ गडी आणि सात गाणी. त्यांच्या मते रॉक तिथे सुरू झालं आणि तिथेच संपलं, पुढचं सगळं म्हणजे भांड्यांची आदळआपट. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात गायक गळा काढून रडत असताना ड्रमवाला मागे कुठेतरी लाकडावर बारीकशी टक मारतो. घड्याळजींनी स्टॉपवॉच लावून मोजलं होतं: मिनिटाला तेहेतीस, आणि वर थोडी.

"गाणारा कितीही बोंबलू दे, हा गडी हलत नाही," ते सांगत. "याला म्हणतात संयम."

त्या संयमावर त्यांनी अकरा पानं लिहिली होती. 'गाजलेले अल्बम' या वाचनालयाच्या कार्यक्रमात ती रविवारी चार वाजता वाचायची होती. रेकॉर्डसुद्धा मिनिटाला तेहेतीस आणि वर थोडे फेरे घेते, हे लेबलवरच छापलेलं होतं. दुसऱ्याच्या घड्याळातली केसाएवढी खोट पकडणाऱ्या माणसाला ते कधी दिसलं नाही.

बायकोला दिसलं होतं, कारण टक तिचीच होती. लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यात कापड बेतताना तिच्या हातून कात्री निसटली आणि टोकावर रेकॉर्डवर पडली. संध्याकाळी कबूल करायला ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, तोंड उघडलं, तेवढ्यात नवरा ओरडला, "अगं, ऐकलंस? इतके दिवस माझं लक्षच नव्हतं!" एवढा खूश झालेला नवरा तिने तोवर पाहिला नव्हता. तिने तोंड मिटलं. त्याला चौतीस वर्षं झाली.

आता उद्या चार वाजता, चारचौघांत, तिच्या सख्ख्या भावासमोर नवऱ्याचं हसं होणार होतं.

दुपारी ती एका गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेली, तेही घेताना दोनदा चुकली. रात्री जेवताना घड्याळजी अर्ध्या ताटावरून उठले.

"बरं नाही का वाटत?"

"भाषण घोळवतोय डोक्यात."

"पानं कुठायत पण?"

"पानं कशाला? पाठ आहे सगळं."

बिचारे धास्तावलेत, तिला वाटलं. तिने तेव्हाच ठरवलं.

रविवारी दुपारी घड्याळजी दाढी-आंघोळीला गेल्यावर तिने दोन्ही रेकॉर्ड शेजारी शेजारी ठेवल्या. नव्या रेकॉर्डचं प्लास्टिक आधीच फाटलेलं होतं. भाऊ लहानपणापासूनच घायकुता. चौतीस वर्षांपूर्वी चुकून झालेलं काम आता मापात करायचं होतं. तिने जुन्या रेकॉर्डला मापाची टेप लावली. काठापासून अडीच इंच आत, लांबी पाऊण इंच. नवीवर खडूने तशीच खूण केली, श्वास रोखला आणि कात्रीचं टोक ओढलं. काजाला चीर देताना कधी जमली नव्हती इतकी सरळ रेघ आली. न्हाणीघराची कडी वाजली. तिने खडू पदराने पुसला, रेकॉर्ड पाकिटात सरकवली आणि कात्री पर्समध्ये कोंबली.

वाचनालयात एकोणीस माणसं जमली होती. त्यातली चार पेपर वाचायला आलेली. घड्याळजी रिकाम्या हाताने उभे राहिले.

"मंडळी, मी एका टकबद्दल बोलणार होतो," ते म्हणाले. "पण काल दुपारी घरी कुणी नसताना ही नवी रेकॉर्ड लावून पाहिली. चार वेळा. टक नाही! माझ्या रेकॉर्डला ओरखडा आहे हो. आणि मी, घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, चौतीस वर्षं त्या ओरखड्याला मान डोलावत बसलो."

हशा पिकला. पण मोकळा, आपुलकीचा. मेहुणासुद्धा दात विचकायचं सोडून कान देऊन ऐकू लागला. घड्याळजींचा चेहरा दुखरी दाढ काढल्यासारखा हलका झाला होता.

"हसा, हसा. आणि आता ते गाणं खरं कसं आहे ते ऐका. मीसुद्धा कालच पहिल्यांदा ऐकलं. फार सुंदर आहे."

त्यांनी सुई उचलली. बायको खुर्चीतून अर्धी उठली.

"अहो, राहू द्या ना! नुसतं बोला, किती छान बोलताय!"

"अगं बस तू. ऐक तर."

गिटार सुरू झाली. गायकाने गळा काढला.

टक.

घड्याळजींचा हात हवेतच राहिला. टक. टक.

"येतेय की हो!" मागून कुणीतरी म्हणालं. पेपरवाल्यांपैकी एकाने पेपर खाली ठेवला.

"स्वच्छ येतेय," ग्रंथपाल बाईंनी दुजोरा दिला.

घड्याळजी यंत्रावर वाकले. चेहऱ्यावर आधी गोंधळ, आणि मग जे आलं ते तिने यापूर्वी एकदाच पाहिलं होतं, स्वयंपाकघराच्या दारातून.

"म्हणजे होती!" ते म्हणाले. "अरे, काल माझ्याच कानांनी दगा दिला!"

मेहुण्याने उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच. घड्याळजी टाळ्यांतून वाट काढत थेट बायकोपाशी आले. तिचे डोळे भरून आले होते, हसू आलं होतं की रडू, तिलाही कळत नव्हतं. तिने रुमालासाठी पर्समध्ये हात घातला.

रुमालाआधी कात्री बाहेर आली आणि टोकावर फरशीवर पडली. उचलायला घड्याळजीच वाकले. पात्याला खडू लागलेला होता आणि टोकाला काळा भुगा. सवयीप्रमाणे त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि डोळ्याला लावलं.