मोगऱ्याला आलेल्या देवी

मोगऱ्याच्या पानांवर ठिपके दिसले ते भाद्रपदाच्या शेवटी. मधे राखी, कडेला तांबूस, भोवती पिवळट वलय. पाहता पाहता खालची पाने गळू लागली. पोलादपूरच्या आमच्या परसात ही झुडपांची एक ओळ होती. महाडला माझ्या माहेरी नदीकाठी मोठा मोगरा होता, त्याच्या फांद्या आणून मी ती लावली होती. पुढे माहेरचे झाड पुरात गेले. उरला तो एवढाच.

माझे सासरे रावजी यांनी ठिपके पाहिले आणि सांगितले की शेजारच्या वांग्यांत रोग शिरण्याआधी ओळ खणून टाकायची. मी दिवाळीपर्यंत मुदत मागितली. त्यांनी ती दिली, पण कुदळ परसदारीच ठेवली.

पुण्याला मी वनस्पतिशास्त्र शिकले होते. ही बुरशी. ओल्या पानांवर वाढते, शिंतोड्यांबरोबर झाडावरून झाडावर जाते. मी ठिपक्यांची पाने खुडली, खालचा पाचोळा जाळला. मडक्यात मोरचूद आणि चुना कालवून सुरी बुडवून पाहिली. तिच्यावर तांब्याचा तांबूस थर चढला, म्हणजे मोरचूद जास्त; म्हणून आणखी चुना घातला. मग शिमग्याच्या पिचकारीने ते पाणी पानांवर मारले. तरी नवे ठिपके येतच राहिले, ओळीत एकापुढे एक.

कारण एका पहाटे कळले. सासूबाई कडुलिंबाचा डहाळा तांब्यात बुडवून झुडपांवर पाणी शिंपडत होत्या. आधी एका झुडपावरून डहाळा फिरवायचा, मग तोच पुढच्यावर.

"देवी आल्यात गो झाडाला," त्या म्हणाल्या. "थंडावा द्याया नको? आन् तू पानं खुडतेस. कोपंल ती."

बुरशीचे मी त्यांना पूर्वीच सांगून पाहिले होते. डोळ्यांना न दिसणारे मानायचेच, तर देवीच का नको, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून या वेळी मी निराळे विचारले.

"आत्याबाई, अंगावर देवी असताना माणसाला न्हाऊ घालतात का?"

"नाय. उतरंपर्यंत न्हाणं नाय."

"मग हे?"

"शिंपडतेय फकस्त."

"पानं निथळतायत. आणि एकीचं अंथरूण दुसरीला देतो का आपण? डहाळा तर तोच फिरतोय."

त्यांनी डहाळ्याकडे पाहिले, मग तांब्या खाली ठेवला.

"येवढी शिकलीस, आन् ही साधी गोष्ट आदी बोलाया काय झालं व्हतं तुला?"

त्या दिवसापासून पाणी फक्त बुंध्याशी पडू लागले, तेही उन्हे वर आल्यावर.

दिवाळीत रावजी कुदळ घेऊन आले. बहुतेक झुडपांना नवी, स्वच्छ पालवी होती. कुडाच्या सावलीतल्या दोन झुडपांवर मात्र ठिपके तसेच होते. त्यांतले एक मी सर्वांत आधी लावलेले. रावजी म्हणाले, दोन राहिली म्हणजे पुन्हा सगळी जातील. ते बरोबरच होते.

मी त्यांच्या हातातली कुदळ घेतली आणि ती दोन्ही मुळासकट काढून पाचोळ्यावर पेटवली.

"बाकीची राहू द्या, मामा."

रावजी झुडपे जळेपर्यंत उभे राहिले, मग पायाने माती लोटून खड्डे बुजवू लागले.