ओहोटीचं लाल फडकं

गोष्ट पंचावन्न-छप्पन सालची, रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीची. खाडीच्या तोंडाशी फुटणारी लाट बाहेरून येणाऱ्या होडीला दिसत नाही, म्हणून टेकडीवरून फडकं दाखवायचं. पांढरं म्हणजे या, लाल म्हणजे थांबा. हे काम आमच्या शेजारच्या गंगाराम तांडेलाचं. त्याचे डोळे गेले तेव्हा त्यानं सुनेला, बकुळाला, शिकवायला घेतलं. म्हातारा भारी तिरसट. शिकवणं कमी, शिव्या जास्त.

"आधी तोंड बघ गो. लाट फुटत नाय? मग पांढरा. पाण्याचा विचारूच नको. फुटत असंल तरच पाणी बघ. भरती असंल तर पांढरा, ओहोटी असंल तर लाल."

पहिल्याच आठवड्यात बकुळानं घोटाळा केला. समुद्र शांत, पण ओहोटी बघून तिनं लाल दाखवलं. होड्या बाहेर तिष्ठत राहिल्या, मासळी नासली, सगळं बंदर हसलं.

"आतला सवाल, पाण्याचा, आधी विचारलास!" म्हातारा ओरडला. "भायेर लाट फुटत असंल तरच आतल्याला हात लावायचा."

पुढे ती कधी चुकली नाही.

वैशाख सरत आला होता, समुद्र खवळायला लागला होता. दुसऱ्या होडीवरून भरतीबरोबर आत आलेला जमाल धावतच टेकडी चढला. "गंगारामचाचा, मोरूच्या छातीवर डोलकाठी पडली. लवूची होडी त्याला घेऊन मागनं येतेय," एवढं सांगून तो डॉक्टर आणायला पळाला. मोरू म्हणजे बकुळाचा नवरा.

लवूची होडी दिसली तेव्हा ओहोटी लागली होती आणि तोंडाशी लाटा फुटत होत्या. बकुळानं फडकं उचललं.

"काय दाखवलास?"

"लाल."

"पांढरा दाव."

"मामा, लाट फुटतेय. ओहोटी हाय."

"माज्या पोराचा जीव जातोय गो! दाव पांढरा!" म्हातारा चाचपडत तिच्या हातातलं फडकं ओढायला लागला.

तिनं त्याला एका हातानं दूर धरलं. "होडीत आणखी बायकांचे नवरे हायत, मामा."

ती रडत होती, पण हात खाली आला नाही. मी तिथंच उभी होते. मला तिचा संताप आला, खरं सांगते. तिच्या जागी मी असते तर पांढरंच दाखवलं असतं, आणि सगळ्यांना बुडवलं असतं.

संध्याकाळी पाणी फिरलं तेव्हा तिनं पांढरं उंच धरलं. होडी सुखरूप आत आली. मोरू गार पडला होता.

"त्यांना कळत होतं का?" बकुळानं विचारलं.

लवू खाली बघत म्हणाला, "कळत होता, वयनी. टेकडीकडं डोळे लावून होता. सारखा म्हणत होता, बकुळा हाय तिथं, आता दावील पांढरा."