तलवारीचे वाकडे टोक

मी एक जुनी तलवार आहे. मित्रांनो, लढायांच्या गोष्टी ऐकायला बसला असाल, तर तुमचा हिरमोड होईल. एका लोहाराने मला घडवले, धारेला पाणी दिले. पण माझे सारे शौर्य दोन भावांच्या दिवाणखान्यात, खिळ्यावर टांगूनच गेले. आधी पाहुणे तोंडभरून कौतुक करीत. मग गंज चढला आणि माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहीना.

एके दिवशी त्या घराला आग लागली. धाकटा भाऊ आतल्या खोलीत बेशुद्ध पडला होता. तो शुद्धीवर आला तेव्हा रस्त्यावर होता. थोरला म्हणाला, "दार अडकलं होतं. तलवारीनं उचकटलं आणि तुला बाहेर ओढलं."

पण थोरला तर जीव घेऊन पळाला, बाहेर काढले ते शेजाऱ्यांनी, असे कुणीतरी धाकट्याच्या कानात भरले. त्याने बोलणेच टाकले. थोरला वारला, तेव्हाही धाकटा अंत्यदर्शनाला गेला नाही. मला सारे ठाऊक होते, पण मला कुठे तोंड होते!

आगीनंतर मी धाकट्याकडेच राहिले होते; पुढे म्हातारपणी त्याने मला जुनी पाती दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे नेले.

"हे वाकडं टोक कापून टाका आणि चांगली चकचकीत करा," तो म्हणाला.

त्या टोकाशिवाय माझ्याजवळ दुसरा पुरावा नव्हता.

बाईंची एक शिस्त होती. पात्याला हात घालण्याआधी त्या नखाएवढी जागा घासून आतले पोलाद पाहत. त्यांनी मुठीजवळ थोडे घासले, टोकाशी थोडे घासले. मुठीजवळ, पाणी दिल्यावर धारेवर उमटते ती पांढुरकी रेघ स्पष्ट दिसली. टोकाशी ती नव्हतीच; मोठ्या आचेत ती पुसून जाते.

"आजोबा, ही आगीत सापडली होती का?"

"घर जळलं तेव्हा घरातच होती."

"नुसती पडून असती, तर सगळीच तापली असती. हिचं फक्त टोक तापलंय, आणि तापलेलं असतानाच पिळलंय. गार असतं तर मोडलं असतं. कुणीतरी मूठ घट्ट धरून आगीत काहीतरी उचकटलंय हिनं."

"दार," म्हातारा म्हणाला. मग त्याने तिथूनच भावजयीला फोन लावला. "वहिनी, दादा खरं बोलत होता हो," एवढेच म्हणाला आणि रडू लागला.

बाईंनी माझा गंज उतरवला, तेल लावले, टोक मात्र तसेच ठेवले. मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर आधी नीट पाहा, मगच घासा. आणि आपल्या माणसाचे म्हणणे तो असतानाच ऐकून घ्या. माझी साक्ष खरी ठरली, पण ती ऐकायला थोरला उरला नव्हता.