साधनाची अल्प गती

“संचयन साधनाच्या अल्प गतीमुळे संपादित चित्रफीत जतन होऊ शकली नाही. सदर प्रकरणी कोणताही मानवी दोष आढळून येत नाही.”

नगरच्या लोकसंस्कृती अभ्यास केंद्राच्या चौकशी समितीने सत्य एवढ्या दोन वाक्यांत बसवले आणि संचालक आबासाहेबांनी त्याखाली हिरव्या शाईने सही केली. समितीचे अध्यक्ष तेच होते, बहुतेक साक्षही त्यांचीच होती. निष्कर्ष एकमताने निघाला, यात नवल नव्हते.

ती चित्रफीत जोडणाऱ्या राजेश्वरीने तो कागद पुन्हा वाचला. जुन्या हस्तलिखितांत मागाहून घुसडलेल्या ओळी ओळखण्यात तिची उमेदीची वर्षे गेली होती. अशी ओळ चुकीमुळे सापडत नाही, ती वाजवीपेक्षा नीटनेटकी असते म्हणून सापडते.

संचयन साधन, म्हणजे डिस्क, मंद होती, हे खरे. राजेश्वरीच्या चित्रण-प्रकल्पाच्या वाट्याला ती एकच आली होती, फिरत्या तबकडीची, जुनी. मूळ चित्रण तिच्यावरच होते आणि त्यातून कापून जोडलेला तीन तासांचा चित्रपटही पुन्हा तिच्यावरच उतरवायचा होता. एकाच हाताने दळायचे आणि त्याच हाताने भाकरी थापायची, तशी गत. प्रकल्पाच्या नावावर घेतलेली वेगवान एसएसडी डिस्क आबासाहेबांच्या संगणकात विराजमान झाली होती आणि त्यांची आभारपत्रे निमिषार्धात उघडून देत होती.

पण मंद डिस्क वाट पाहायला लावते, गिळत नाही. म्हातारा बैल उशिरा पोचतो. उशीर झाला म्हणून तो गाडी विहिरीत घालत नाही. शिवाय नवा चित्रपट जतन झाला नाही असे मानले, तरी मूळ चित्रण कुठे गेले? त्याबद्दल अहवालात अवाक्षर नव्हते. डिस्कवर आता एकच चित्रफीत होती: केंद्राच्या अध्यक्षांच्या अमृतमहोत्सवी सत्काराची, सनईसह.

सत्काराच्या दिवशी चित्रपट डिस्कवर उतरत असतानाच राजेश्वरीला खाली बोलावणे आले होते. केंद्रात लोकपरंपरेवर अधिकारवाणीने लिहिणारी ती एकटी. तेव्हा अध्यक्षांना ओवाळायला तिच्याइतके योग्य कोण, असा विचार वरिष्ठांनी केला. किती उतरले ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. राजेश्वरी निरांजनाचे तबक धरून फाटकाशी उभी राहिली. परत येऊन पाहते तो संगणक चालू होता आणि डिस्क जागेवर नव्हती.

गेलेला चित्रपट झुंबरबाईंचा होता. पाथर्डीकडच्या ऊसतोड टोळ्यांबरोबर त्या जन्मभर सुईण म्हणून हिंडल्या. फडावरच्या पाचटाच्या कोप्यांत जी मुले जन्मली आणि तिथेच गेली, त्यांची नोंद ना गावात झाली, ना कारखान्यावर. झुंबरबाईंनी त्या प्रत्येकाला जाण्याआधी कानात एक नाव दिले होते. बिननावाचं लेकरू वाटंलाच बसून राहतं, असे त्या म्हणत. ती सगळी नावे, आईच्या आणि फडाच्या नावासह, त्यांनी कॅमेऱ्यासमोर एकदाच, एका बैठकीत सांगितली. पुढच्या पावसाळ्यात, चित्रपट जोडून व्हायच्या आधीच, त्या वारल्या. केंद्राच्या वार्तापत्रात ‘एका स्मृतिकोशाचा अस्त’ या मथळ्याखाली श्रद्धांजली छापून आली. खाली सही आबासाहेबांची होती.

अहवालानंतरच्या सोमवारी माळीवाड्याच्या स्टँडवरून विचारत विचारत ऊसतोडीच्या टोळीतल्या केशरबाई केंद्रात आल्या. पिक्चर तयार झाला की बोलावते, असे राजेश्वरीनेच त्यांना सांगून ठेवले होते. बोलावणे आले नाही, म्हणून त्या आपणच निघाल्या. येताना फडक्यात बाजरीच्या भाकरी आणि ठेचा बांधून आणला होता; पिक्चर लांबला तर असू द्यावा म्हणून.

“माझं तेवढंच ऐकवा, ताई,” त्या म्हणाल्या. “तवा म्या तापात हुते. शुद्धीवर आले तर पदर मोकळा. झुंबरमावशीला लई इचारलं. म्हनायची, नाव कळलं तर तू हाका मारीत बसशील. कॅमेऱ्यात सांगितलं म्हनं.”

सांगितले होते. राजेश्वरीने तो भाग संपादनात कितीदा तरी पाहिला होता. केशरबाईंचे नाव घेऊन झुंबरबाई थांबल्या, गोंदलेल्या हाताने पदर ओढून तोंड पुसले आणि मग लेकराचे नाव उच्चारले. तो विराम ठेवावा की कापावा, यावर तिने एक अख्खी दुपार घालवली होती. शेवटी ठेवला. विराम तिला अजून श्वासाश्वासासकट पाठ होता. नाव आठवत नव्हते. नावे चित्रपटावरून सावकाश उतरवून घेऊ, असे तिने ठरवले होते. कागदापेक्षा यंत्रावर तिचा विश्वास होता.

तिने हे सगळे केशरबाईंना सांगितले. केशरबाईंनी बराच वेळ गाठोड्याची गाठ चाचपली.

“पोरगा हुता का पोरगी, ते तरी?”

“मुलगी,” राजेश्वरी म्हणाली. ते खरे होते की केवळ काहीतरी द्यायला हवे म्हणून तोंडून निघाले, हे तिला स्वतःलाही सांगता आले नसते.

मग ती केशरबाईंना घेऊन आबासाहेबांच्या दालनात गेली. त्यांनी अगत्याने खुर्ची दिली, चहा मागवला, पाथर्डीकडचे पाऊसपाणी विचारले. राजेश्वरीने विचारले, मूळ चित्रण कशाने गेले. ते म्हणाले, सभागृहातल्या संगणकाने डिस्क पुसून फॉरमॅट करायची परवानगी मागितली, ती ऑपरेटरने दिली. कार्यक्रम खोळंबला होता. अर्धवट लिहीत असताना ओढून काढलेली डिस्क अशीच परवानगी मागते, हे तिने सांगितले. अहवाल मंजूर झालेला आहे, याची त्यांनी मृदू आठवण करून दिली.

केशरबाईंनी बशी खाली ठेवली. “पन काढली कुनी ती, साहेब?”

आबासाहेब हसले. अहवाल मंजूर होता आणि विचारणारी बाई गावाकडची होती.

“मीच काढली की. पट्टी काही हलेना आणि खाली अध्यक्षांची गाडी येऊन उभी. म्हटलं, एवढं काय त्यात, झुंबरबाईंना परत एकदा बसवू कॅमेऱ्यासमोर.”