घामबाबाचा काळा पंचा

धावून दमलेल्या माणसाच्या पाठीवरून घामबाबाने पंचा फिरवला. पिवळसर पंचा बघता बघता शाईसारखा काळा झाला आणि नेऱ्याच्या माळावर जमलेल्या गर्दीने आरोळी ठोकली.

"निघाला! रोग निघाला!" बाबा गरजला. "घाम गाळा, कॅन्सर टाळा! डॉक्टर सांगतात, व्यायाम करा. मी सांगतो, भस्म लावा आणि भर दुपारी धावा!"

पुढची पाळी दिपिकाची होती. आमच्या शेजारच्या तुळशीरामकाकांची ही कॉलेजात जाणारी मुलगी. जन्मापासून तिच्या कातडीत, केसांत रंगद्रव्यच नाही; जरा उन्हात गेली की लाल होते. गालावर होळीपासून एक जखम होती, ती भरत नव्हती. बाबाच्या सांगण्यावरून काकांनी तिची टोपीसुद्धा काढून घेतली होती.

"काका, तिला दवाखान्यात नेऊ या," मी म्हणालो.

"प्रितम, तू बीएस्सी झालास, आमी मिठागरात मोठे झालो. ऊन तापलं का पान्यातनं मीठ निघतं. तसा रोग निघंल."

"ऊन आगरातून काय नेतं, काका?"

"पानी."

"आणि मीठ?"

"ते आगरातच ऱ्हातं," काका पुटपुटले. पण मुलीला थांबवलं नाही.

बाबाने वाटलेलं भस्म मी जिभेवर ठेवून पाहिलं. तुरट! शेजारी भाजी विकणाऱ्या गोदूमावशीच्या टोपलीतून एक दुधी भोपळा उचलला, त्याच्या एका बाजूला भस्म फासलं, दोन्ही बाजूंवर पाणी शिंपडलं आणि बाबाच्या खांद्यावरचा दुसरा, पिवळसर पंचा ओढला. भस्माची बाजू पुसताच पंचा काळा. पंच्याच्या कोऱ्या टोकाने दुसरी बाजू पुसली, काहीच नाही.

"अगो बाय! माज्या दुध्याला कॅन्सर?" गोदूमावशी ओरडली.

"वनस्पतीलाही व्याधी असते!" बाबा म्हणाला.

"मग अर्ध्याच भोपळ्याला कशी झाली?"

लोक हसू लागले. मी समजावलं: हे भस्म म्हणजे हिरड्याची पूड. पंचा हिराकशीच्या, म्हणजे लोखंडाच्या क्षाराच्या, पाण्यात बुडवून वाळवलेला. दोन्ही ओलाव्यात एकत्र आले की काळा रंग होतो. पूर्वी शाई अशीच करत. घाम फक्त ओलावा पुरवतो. व्यायामाने काही प्रकारच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, हे खरं. पण त्वचेच्या कॅन्सरबाबत काही अभ्यासांत उलटं दिसलंय, व्यायाम करणाऱ्यांतच तो जास्त आढळला. दोष धावण्याचा नसावा. धावताना अंगावर पडणाऱ्या उन्हाचा असावा.

बाबा गाडीकडे सटकला. काका मुलीसमोर खाली मान घालून उभे राहिले.

"मी सांगत होते तुम्हाला, जळजळतं म्हणून," दिपिका म्हणाली.

"सांगत व्हतीस. मला वाटलं, रोग जलतोय."

पनवेलच्या डॉक्टरांनी जखमेचा तुकडा तपासायला पाठवला. त्वचेचाच कॅन्सर निघाला. ऑपरेशनने निघेल, पण गालावर मोठा व्रण राहील, असं ते म्हणाले. "आधीच का नाही आलीस?" त्यांनी दिपिकाला विचारलं.

"तिला नका इचारू," काका म्हणाले. "तिला उन्हात पलवनारा मी."

धावा, जरूर धावा. पण ऊन उतरल्यावर, अंगभर कपडे घालून. न भरणारी जखम त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. आणि चमत्कार दिसला, की जयजयकाराआधी एवढंच विचारा: भस्म न लावता हे घडतं का? उत्तर मिळेपर्यंत आपलं माणूस कुणाच्या हाती देऊ नका.