लाल लोकरीचे दोरे

मी शर्यतीच्या एका लहान होडीचे जुने शीड आहे. मित्रांनो, माझे पांढरे कापड आता पिवळे पडले आहे. मी एका शिंप्याच्या घरी, शिलाई मशीनमागच्या कोपऱ्यात राहते.

कारखान्यातून मी थेट बाईंच्या हाती आले. बाई तलावावर मुलींना शिडाची होडी चालवायला शिकवत. स्वेटर विणून उरलेल्या लाल लोकरीचे वीतभर दोरे त्यांनी माझ्या दोन्ही अंगांना लावले होते. दोन्हीकडचे दोरे सरळ मागे उडाले, की समजायचे शीड वाऱ्याला बरोबर लागले आहे. एखादा फडफडला, की काहीतरी चुकते आहे. "वारा दिसत नाही, दोरे दिसतात," एवढेच बाई पुन्हा पुन्हा सांगत. माझ्या जोरावर कितीतरी मुली शर्यती जिंकल्या. बक्षिसांच्या फोटोत मागे मी असायचे.

मी कुठे उसवले, तर बाई स्वतः टाके घालत. नवरा शिंपी, मुली त्यांना काका म्हणत; पण त्यांच्याकडे मला द्यायच्या नाहीत. "तुम्ही त्याला खिसा लावाल," म्हणायच्या.

मग बाई आजारी पडल्या आणि गेल्या. काकांनी मला घरी आणले, धुतले, उसवलेली शिवण बारीक टाक्यांनी शिवली. आणि लोंबणारे दोरे कात्रीने एकेक करून कापून टाकले. चादरीसारखी माझी घडी घातली. सगळे प्रेमानेच केले. पण त्या दिवसापासून मी मुके झाले.

मशीन फारसे चालत नसे. संध्याकाळ झाली तरी काका दिवा लावायचे विसरत. दारामागच्या खुंटीवर बाईंचा लाल स्वेटर होता. तो ते कुणाला धुऊ देत नसत.

एक दिवस बाईंची शेवटची विद्यार्थिनी आली. फार हळू बोलते म्हणून बाई तिला 'वादळ' म्हणत. बाईंच्या आठवणीसाठी तलावावर शर्यत ठेवली होती आणि तिला मीच हवे होते. माझी घडी उलगडून तिने माझ्या दोन्ही अंगांवरून बोट फिरवले.

"काका, दोरे कुठे गेले?"

"लोंबत होते, म्हणून कापले. का गं?"

तिने सगळे सांगितले. काका कात्रीकडे बघत राहिले. कुठलीही लोकर चालेल, मी विकत आणते, असे ती घाईने म्हणाली. काकांनी खुंटीवरचा स्वेटर काढला, थोडा वेळ नाकाशी धरला आणि एका बाहीची कड उसवायला घेतली.

"काका, नको ना. राहू द्या."

"घालणारी कुठे आहे आता?" ते म्हणाले. "लोकर कुठे लावायची, तेवढं दाखव."

शर्यतीत वादळचा नंबर मधेच कुठेतरी आला. बाई असताना दुकान सोडून कधी न आलेले काका काठावर एकटे उभे होते. इतक्या लांबून त्यांना दोरे दिसत नव्हते. दोरे सरळ मागे उडत होते.

आता मला घडी न घालता गुंडाळून ठेवतात. शेजारी एक बाही आखूड झालेला स्वेटर असतो. काका कधीकधी माझ्यावरून हात फिरवतात. हे भोक कशासाठी, इथे दुहेरी शिवण का, असे मला विचारतात. मला सांगता येत नाही.

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू नीटनेटक्या करण्याआधी, त्या तशा का होत्या ते कुणाला तरी विचारा. आणि जमले तर त्याही आधी विचारा, सांगणारे माणूस घरात आहे तोवर.